पालव्याच्या दरवाजात अंतरपाट

वरची वाडी, पोलादपूर
माघ महिना, सन १९६१

माझ्या सौभाग्यवती बनुताईला,

धाकट्या चंद्रभागेचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांग. आम्ही सगळी इकडे देवाच्या दयेनं बरी आहोत, तुमची खुशाली कळली की आणखी बरी होऊ. तुझी आई, म्हणजे आमची काकी, ठणठणीत आहे. तिची म्हैस परवा व्याली, रेडी झाली. खरवस खाताना सगळ्यांनी तुझी आठवण काढली आणि तुझा वाटाही खाल्ला. मुंबईचं पाणी तुला मानवलं का? परळच्या चाळीत ऊन येतं का? (आणि तुझे हात कसे आहेत? झऱ्यावरून येताना तळव्यांना घाम सुटून हंडा निसटायचा बघ तुझा, तसं अजून होतं, की नळाच्या पाण्यानं बरं वाटलं? सहज विचारलं.)

(ताई, आधी एक समजून घे. हे पत्र पेटीत पडायच्या आधी मला ते आबांना आणि तुळजाआत्याला मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार आहे. दोघांनाही अक्षरओळख नाही, पण कान तिखट आहेत. म्हणून कंसात जे लिहीन ते मी वाचणार नाही, तिथं आले की खोकेन. आपल्याला सातवीपर्यंत शिकवल्याचा आबांना पश्चात्ताप होऊ नये, एवढाच हेतू. तूही भावोजींना वाचून दाखवशील तर असंच खोक.)

पत्र लिहायचं कारण असं, की माझा साखरपुडा मार्गशीर्षात झाला हे तुला काकीनं कळवलंच असेल. पाचाडकडचं स्थळ आहे. वर्षाचं भात घरचं निघतं, मुलगा मुंबईला कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आहे. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याचे चुलते रामजीकाका साखर आणि साडी घेऊन आले आणि त्याच्या जागी तेच पाटावर बसले. सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. लग्न वैशाखात धरलं आहे.

(रीतीप्रमाणे म्हणजे मी मान खाली घालून बसले, आणि उठेपर्यंत मला रामजीकाकांच्या पायाच्या बोटांशिवाय काही दिसलं नाही. त्यांच्या अंगठ्याचं नख काळं आहे. ज्याच्याशी जन्म काढायचा त्याच्याबद्दल मला आजघडीला एवढंच ठाऊक, की त्याच्या चुलत्याचं नख काळं आहे. नाव सयाजी. लग्न झालं की उखाण्याखेरीज नाव घेता येणार नाही, म्हणून आत्ताच एकदा लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलंय, पण टाक चांगला आहे.)

तर रामजीकाका निघताना उंबऱ्यात थांबले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, पोराचा एक निरोप आहे, रागावू नका. मुंबईला हल्ली साखरपुडा झालेल्या जोडप्याचा फोटो काढतात, तसा त्याला काढायचा आहे. आणि तोही पालव्याच्या बंदरावर, समुद्राकाठी तो जो मोठा दरवाजा आहे ना, ज्याला भावोजी गेटवे म्हणतात, त्याच्यासमोर. शिमग्याच्या आधी मुलीला घेऊन यावं, असं त्याचं म्हणणं. चुलीत सारायचं लाकूड आईच्या हातातच राहिलं. लग्नाआधी नवऱ्यानवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, ही आपली रीत. मांडवात दोघांमध्ये अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं संपली की तो खाली येतो, तेव्हा काय ती पहिली नजरानजर. तुळजाआत्या म्हणाली, "आज फोटू मागतोय, उद्या म्हणंल लगीन बोटीत लावा." पण आबांनी लगेच नाही म्हटलं नाही. विचार करून कळवतो म्हणाले.

(विचार कसला. खालच्या वाडीच्या रावजीनं आपल्या जावयाचा पालव्यावरचा फोटो ओटीवर टांगलाय, हे तुला माहीत नसेल. जावई एकटाच, हात मागं बांधून, चेहरा असा की कोणी आत्ताच ओरडलंय. पण मागं तो दरवाजा आहे, आणि त्या दरवाजासाठी आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं रावजीच्या ओटीवर येऊन बसतात. आबांनी पूर्वी वर्षात रावजीकडून काही मागून आणलं नव्हतं. फोटो लागल्यापासून ते कधी त्याचा कोयता मागायला जातात, कधी तो परत द्यायला जातात, आणि कोयते आमच्याकडं चार आहेत. परवा परत आले तेव्हा आईला म्हणाले, त्याचा जावई एकटा हाय, आपली दोघं असतील. तेव्हाच मला कळलं की मी मुंबईला जाणार.)

आबा हल्ली गुरं बांधून झाली की संध्याकाळी खळ्याच्या कडेला बसतात आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहतात. आधी त्यांना तिथं डोंगर दिसायचा, आता दरवाजा दिसतो. मला विचारतात, "केवढा उंच असंल गो? त्या ऐनाच्या झाडाएवढा?" मी म्हणते, जास्त असेल. मग दोन ऐन एकावर एक ठेवून बघतात मनातल्या मनात, आणि वरचा ऐन नीट बसेपर्यंत गप्प राहतात. मग विचारतात, दरवाजातून पलीकडे काय दिसतं? मी सांगते, पाणी. मग दरवाजा कुणासाठी? पाण्यातून येणाऱ्यांसाठी. हे त्यांना फार आवडलं. पाण्यातून येणाऱ्या माणसासाठीसुद्धा कुणीतरी दार करून ठेवावं, हे चांगल्या घराचं लक्षण आहे म्हणाले. रामजीकाकांचं म्हणणं वेगळं पडलं. ते पाचाडकडचे, त्यांचा जन्म रायगडाच्या सावलीत गेलेला. दरवाजाच पाहिजे तर आमचा महादरवाजा काय वाईट आहे, म्हणाले, हिरकणीवाडीवरून चढलं की झालं. आबांनी त्यांना समजावलं की महादरवाजा थोरच, त्याबद्दल वाद नाही, पण तिथं बघायला माणूस कुठं असतं. फोटो काढताना चार माणसांनी थांबून बघायला हवं, त्याशिवाय फोटो काढल्यासारखं वाटत नाही.

(मी पण बसते शेजारी. भाकरीच्या पिठाचे हात तसेच असतात आणि आई आतून हाका मारत असते. मी समुद्र बघितलेला नाही. महाडला सावित्रीला पूर आलेला एकदा बघितला, माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं पाणी. ते पाणी कुठंतरी जायचं विसरून एका जागी बसलं की समुद्र होत असेल, अशी माझी समजूत आहे. मला दिसतं ते असं, की त्या पाण्यावर सकाळची उन्हं आहेत, दरवाजाच्या कमानीत पारवे बसलेत, आणि मी नव्या साडीत उभी आहे. शेजारी कुणीतरी आहे. त्याचा सदरा दिसतो, मनगट दिसतं, वाऱ्यानं उडालेले केस दिसतात, पण मी वर बघायला गेले की तिथं रामजीकाका येतात. रोज येतात. कंटाळा आला मला रामजीकाकांचा.)

तुळजाआत्याचं मन मात्र वळेना. तू मुंबईला गेलीस त्यानंतर ती माहेरी परत आली, म्हणून तुला तिचा फार सहवास नाही. ती रीतीची पक्की आहे. ती म्हणाली, फोटोला माझी ना नाही, पण दोघांनी एकमेकांना बघता कामा नये. आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तोड काढली. अंतरपाट न्यायचा. दोघांना दरवाजासमोर उभं करायचं, मध्ये अंतरपाट धरायचा, आणि फोटोवाल्यानं समोरून फोटो काढायचा. फोटोत दोघं येतील, एकमेकांना दिसणार नाहीत. आबांना हे पटलं, रामजीकाकांना पटलं, आईनं नुसती मान हलवली. राहिला गर्दीचा प्रश्न. आबांना गर्दी हवी, आत्याला नको. पालव्यावर दिवसभर जत्रेसारखी माणसं असतात असं रामजीकाका म्हणाले, तेव्हा आत्यानं विचार करून अवसेचा दिवस सुचवला. अवसेला कोणी घराबाहेर पडत नाही, पालवा मोकळा मिळेल. मुंबईला अवस पाळत नाहीत हे तिला खरं वाटेना. मग अवसेला फोटो काढणं बरं नव्हे हे तिच्याच ध्यानात आलं. शेवटी गिरणीला सुट्टी रविवारचीच असते, म्हणून रविवार ठरला, आणि वेळ दुपारची, कारण जेवून सगळी मुंबई घटकाभर आडवी होत असेल असा आत्याचा अंदाज आहे. तसं नसल्यास लवकर कळव.

(आता माझं सांगते, हे फार जपून वाच. मला फोटोची हौस नाही. आपल्या वाडीतल्या अंबूचं लग्न तुला आठवतं ना? मी तिच्या पाठीशीच उभी होते. अंतरपाट खाली आला, अंबूनं डोळे वर केले, आणि तिचा नवरा मांडवाच्या दाराकडे बघत होता. पंगत बसली का ते बघत होता. ती आता हसत सांगते ही गोष्ट, पण सांगताना तुझ्या-माझ्याकडे बघत नाही, चुलीकडे बघते. ताई, गोरा का सावळा, नाक कसं, डोळे कसे, काही बघायचं नाही मला. मधलं कापड खाली आल्यावर हा माणूस पहिल्यांदा कुठं बघतो, तेवढंच बघायचं आहे. वैशाखात कळून उपयोग नाही, अक्षता पडल्या की पडल्या. शिमग्याआधी कळलं तर आबांपाशी तोंड उघडता येईल. आबा मला न विचारता देतील, पण मी नको म्हटल्यावर देणार नाहीत. एवढी मी त्यांची लेक आहे. म्हणून आत्यानं अंतरपाटाची तोड काढली तेव्हा मी गोठ्यात जाऊन चांदी गाईच्या गळ्यात पडले आणि रडले. गाईनं माझी वेणी चाटली, ती पुन्हा घालावी लागली.)

मध्यंतरी फोटो कसा काढतात याची माहिती असावी म्हणून आबा, आत्या आणि मी एस.टी.नं महाडला गेलो. पेठेत दत्ताराम म्हणून फोटोवाला आहे, माडीवर त्याची खोली. भिंतीवर पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात हंस, आणि कडेनं पायऱ्या. आत्यानं आधी हंसाकडे निरखून बघितलं आणि बदक म्हणाली, त्यामुळे सुरुवात जरा बिनसली. पण दत्ताराम बोलका माणूस. तो पालव्यावर जाऊन आलेला. त्यानं सांगितलं की तिथं तीन पायांच्या तिकाटण्यावर पेटी ठेवून, डोक्यावर काळं कापड घेऊन फोटोवाले रांगेनं उभे असतात. शेंगावाले असतात, मागं घुमटाचं मोठं हॉटेल, समोर बोटी. एक बोट लांब जाऊ लागली की आधी तिची काठी दिसेनाशी होते की बोट, यावर माणसं पैजा लावतात. तिथं वारा मागून येतो, म्हणून बाईमाणसानं पदर डाव्या हातानं धरून ठेवावा लागतो. आबा तोंड उघडं टाकून ऐकत होते. (त्या दिवसापासून मी पदर डाव्या हातानं धरते. आईला वाटतं मला उसण भरली आहे.)

मग दत्तारामानं विचारलं, एवढ्या लांब जाताच कशाला? दरवाजा म्हणजे दोन खांब आणि वर कमान, मी पडद्यावर काढतो. मुलीचा फोटो इथं काढतो, मुलाचा तो मुंबईहून पाठवील, दोन्ही कातरून एकाशेजारी एक चिकटवतो आणि त्याचा पुन्हा फोटो घेतो. कुणाला कळणार नाही. दोघांची गाठही पडायला नको. हे ऐकून आत्या इतकी खूश झाली की हंसालाही चांगला म्हणाली. अंतरपाट नको, गर्दी नको, परगाव नको. आबांचं तोंड उतरलं, पण दत्ताराम म्हणाला की तुम्हालाही दरवाजाच्या पायरीवर बसवतो, म्हणाल तेवढे मोठे करतो. त्यावर आबा विचारात पडले. मोठे म्हणजे रावजीच्या जावयाहून मोठे का, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

(ताई, माझा जीव कसा झाला असेल बघ. माझा पालवा कातरून चालले होते. डोळ्यांपुढून पाणी गेलं, पारवे गेले, आणि मी त्या बदकाशेजारी एकटी उभी राहिले, पुढचा सगळा जन्म.)

नमुना म्हणून दत्तारामानं विन्हेऱ्याच्या एका जोडप्याचा असा चिकटवलेला फोटो दाखवला. फोटो फार सुरेख होता. आत्या बघत होती, आबा बघत होते, आणि मग आत्याच्या ध्यानात आलं की नवरीचे पाय जमिनीवर आहेत, पण नवऱ्याचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. चार बोटं वर आहेत. ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत ते माणूस नव्हे, हे आपल्याकडं कुणालाही ठाऊक आहे. आत्यानं फोटो पालथा घातला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आमचा जावई जित्ता हाय. त्याला असा टांगू नको रे बाबा." आम्ही जिना उतरलो. दत्ताराम वरून सांगत होता की पुढच्या वेळी खालचं जरा जास्त कातरतो, पण आत्यानं मागं बघितलं नाही. एस.टी.त बसल्यावरही ती कपाळाला अंगारा लावत होती.

(आत्याच्या ध्यानात आलं असं मी वर लिहिलं आहे. मी फक्त हळूच म्हटलं होतं, "आत्या, याचे पाय बघ." बाकी सगळं तिनंच केलं.)

आता तालमीचं सांगते. आबा म्हणाले, मुंबईला जाऊन फजिती नको, आधी घरी करून बघू. खळ्यात मध्यभागी मळणीचा खांब आहे, त्याला नवरामुलगा धरलं. आबांनी आपला फेटा त्याला बांधला. गोठ्याचं दार म्हणजे पालव्याचा दरवाजा. आई फोटोवाली, डोक्यावर घोंगडी घेऊन. मला खांबाच्या समोर उभं केलं आणि मध्ये घरातला अंतरपाट, एक टोक आबांकडे आणि एक आत्याकडे. ऊन उतरलं होतं. आईला घोंगडीत काही दिसेना, म्हणून ती थांबा, थांबा म्हणत राहिली, आणि आम्ही बराच वेळ तशीच उभी होतो. आबांना राहवेना. फोटो कसा दिसतोय ते समोरून बघावं म्हणून ते आईकडं गेले, आणि जाताना हातातलं टोक तेवढं धरायचं राहिलं. अंतरपाट खाली आला. आत्यानं तोंडावर हात घेतला. लगेच मीठमोहऱ्या आणून माझी दृष्ट काढली आणि खांबाचीही काढली. आबांना तिनं सांगितलं की तुझ्या हातात काय ठरत नाय, मुंबईला तू अंतरपाटाला शिवायचं नाय. शिवाय आबांना फोटोत यायचं आहे आणि आत्यालाही खुर्चीत बसायचं आहे, तेव्हा धरायला दुसरी माणसं लागतील. एक मुलीकडचं, एक मुलाकडचं. आमच्याकडून तुझं नाव ठरलं. तू तिथंच आहेस, सवाष्ण आहेस, आणि भरवशाची आहेस, असं आत्याचं मत पडलं.

(त्या तालमीतलं एक सांगायचं राहिलं. कापड जुनं आहे, पातळ झालंय. पलीकडून ऊन येत होतं, त्यामुळे खांबाची सावली कापडावर पडली होती, फेट्यासकट. आई थांबा म्हणत होती आणि मी त्या सावलीकडे बघत होते. बघता बघता तो माणूसच झाला. उंच, जरा लाजरा, बोलायला काही न सुचलेला. मला वाटलं, असाच असेल. तेवढ्यात चांदी गाईनं येऊन खांबाला अंग घासलं आणि फेटा कलला. ताई, कापडापलीकडून त्यानं मान वाकवून माझ्याकडे बघावं, अगदी तसं दिसलं. मी हसले. आत्या म्हणाली, नवरीनं दात काढू नयेत. मग आबांचं टोक सुटलं आणि समोर लाकूड निघालं. पण मला राग आला नाही. मला उलट सुचलं काहीतरी.)

तर ठरलं ते असं. फाल्गुन लागला की पहिल्या रविवारी आम्ही येऊ. आबा, आई, आत्या, मी, रामजीकाका, शिवाय काकी म्हणते तिलाही लेक बघायची आहे, आणि रावजी म्हणतो की वाट दाखवायला कुणीतरी माहितगार हवं. वाडीतली आणखी काही मंडळी मुंबईत कामं आहेत म्हणून सोबत निघणार आहेत. पालव्यावर गर्दी असेल का याची आता आत्याला काळजी उरलेली नाही, आम्हीच पुरेसे आहोत. तू डबे करायच्या फंदात पडू नको, आम्ही भाकऱ्या आणि सुकट आणू. अंतरपाटही आम्हीच आणतो. तुझ्याकडची नवीन चादर काढू नको, आत्याला चालणार नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, चाळीतल्या लहानग्यांच्या गालाला हात लाव, आणि उत्तर येईपर्यंत माझा डोळा वाटेकडे आहे असं समज.

तुझी धाकटी,
चंद्रभागा

ता. क. पत्र वाचून झालं. इतकी खोकले की आत्यानं अडुळशाचा काढा पाजला, अजून तोंड कडू आहे. ती आता परसात गेली आहे आणि आबा गुरांना पाणी दाखवायला. म्हणून इथं कंसाशिवाय लिहिते. ताई, वरचं सगळं बाजूला ठेव. मला तुझ्याकडून डबा नको, मुक्कामाला जागा नको, फोटोसुद्धा नको. मला तुझे हात हवेत. तुझं नाव मीच सुचवलं. आत्या तेव्हा सासरी होती, तिला तुझे हंडे माहीत नाहीत. फोटोवाला काळ्या कापडात शिरला आणि तयार म्हणाला, की तुझ्या तळव्यांना घाम येऊ दे. नाही आला तरी येऊ दे. टोक सोड. एवढंसं सोडलंस तरी पुरे, मागून वारा असतो असं दत्तारामानं सांगितलंच आहे. अशुभाची भीती धरू नको, मी सगळा विचार केला आहे. भटजी नाही, मंगलाष्टकं नाहीत, मग तो अंतरपाट कसला, ते नुसतं आमच्या घरातलं जुनं कापड. मी तुझं नाव घेतलं तेव्हा आबा तंबाखू मळत होते. मळायचे थांबले, माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बनूच बरी." तुझे फुटलेले हंडे डाग देऊन सांधायला पोलादपूरला तेच न्यायचे, पण एवढं जुनं त्यांच्या कुठून लक्षात असणार.

दुसरा ता. क. काल टपाल चुकलं म्हणून पत्र अजून माझ्यापाशीच आहे, आणि बरं झालं राहिलं. आज रामजीकाका आले होते, मुंबईचा निरोप घेऊन. पलीकडचं टोक धरायला मुलाकडचा माणूस ठरलाय, चांगू म्हणून, मुंबईला मुलाच्याच खोलीत राहतो. काका भलते चिडले होते. ओटीवर बसल्या बसल्या म्हणाले, "खोलीत धडधाकट गडी काय कमी हायेत? ह्याला चांगूच पायजे. साच्यात सापडल्यापासून चांगूच्या बोटांत पेला ठरत नाय. मी म्हटलं दुसरा बघ, तर म्हणतो, धरील तर चांगूच, नायतर फोटूच नको." आत्या म्हणाली, अडलेल्या मित्राला मान देतोय, पोरगा गुणाचा आहे. आबांनी काकांना तंबाखू दिली. मी पाणी घेऊन आले होते, तो तांब्या काकांच्या पायाशी ठेवला, काळ्या नखाला नमस्कार केला आणि आत पळाले. भात करपला माझा. आईनं विचारलं तुला झालंय काय, तर मला सांगता येईना आणि हसू आवरेना. मला वाटत होतं आमच्या त्यांना गिरणीतल्या पोरांसारखी फोटोची हौस असेल. त्यांनाही फोटो नकोच आहे गं, ताई.

म्हणजे आता तू टोक धरून ठेवलंस तरी माझं काही अडत नाही. मला जे बघायचं होतं ते अर्धं इथंच दिसलं. पण सोडच. दोन्ही टोकं एकदम सुटली तर एकट्या चांगूवर बोल येणार नाही, बिचाऱ्यावर.

पत्र बंद करता करता ते नाव पुन्हा एकदा लिहून बघते. सयाजी. या वेळी अक्षर सरळ आलं.